'वेला': एका पहारेकरी शब्दाची कुळकथा

आकाशात कोठेतरी गॅमाकिरणांचा स्फोट झाला की त्यामागे उरणारा आणि तासागणिक मंदावत जाणारा दृश्य प्रकाश दुर्बिणीने गाठावयाचा, या उद्योगाला पश्चदीप्तीचा पाठपुरावा म्हणतात. आणि त्याच्या कुळाचा माग काढताना मी ज्या शब्दापाशी थबकलो, तो वेधशाळेच्या दफ्तरातला नसून चोरट्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकी उपग्रहांच्या नावातला निघाला. तो शब्द 'वेला'.

मराठी कानाला येथे प्रथम संस्कृत 'वेला' ऐकू येते, म्हणजे समय किंवा समुद्रतीर. पण तो केवळ ध्वनीचा योगायोग. खरा प्रतिस्पर्धी दावा आहे तो दक्षिण आकाशातील वेला या तारकासमूहाचा, ज्याचा अर्थ 'शिडे'. आणि उपग्रहाला तारकांचे नाव द्यावे हे इतके स्वाभाविक वाटते की हा दावा सहसा कोणी तपासूनच पाहत नाही. मला तो मुळीच मान्य नाही. हे उपग्रह ज्या योजनेचा भाग होते तिला तीन शाखा होत्या, आणि त्यांपैकी 'वेला युनिफॉर्म' ही शाखा भूगर्भातील स्फोटांचे हादरे भूकंपमापकांनी टिपण्यासाठी होती. जमिनीखाली कान लावून बसलेल्या माणसाला शिडाशी काय कर्तव्य? माझ्या मते हा शब्द आला तो स्पॅनिश 'वेलार'पासून, म्हणजे जागत राहणे, पहारा करणे. लॅटिन 'विगिलारे'चा तो झिजलेला वंशज, तर शिडाचे कूळ 'वेलुम' या निराळ्याच शब्दाकडे जाते. पहारा हा अर्थ तिन्ही शाखांना सारखाच लागू पडतो. शिवाय उपग्रहांवरील उपकरणे घडविणाऱ्या दोन्ही प्रयोगशाळांची नावेही स्पॅनिशच, 'लॉस अलामोस' म्हणजे पॉपलरची झाडे आणि 'सँडिया' म्हणजे कलिंगड. ज्या मुलुखात गावे आणि डोंगर त्या भाषेत बोलतात, तेथे पहारेकऱ्यासाठी शब्द शेजारच्या अंगणातूनच उचलला गेला असणार, असा माझा पक्का तर्क आहे.

पुढचा टप्पा सर्वश्रुत आहे: 2 जुलै 1967 रोजी या पहारेकऱ्यांनी अणुस्फोटाशी न जुळणारा गॅमाकिरणांचा एक झोत नोंदविला, आणि 1973 साली क्लेबसॅडेल, स्ट्राँग व ओल्सन यांनी अशा 16 स्फोटांचे वृत्त जाहीर केले.

परंतु 'वेलार'ने स्पॅनिशला आणखी एक शब्द दिला आहे: मेणबत्ती. तीही 'वेला'च, कारण जागरणाच्या रात्री सोबतीला तीच जळत असे. पहारा सुरू झाल्यानंतर सुमारे तीस वर्षे गॅमाकिरणांचे झोत दिसत राहिले, मेणबत्ती, म्हणजे मागे उरणारा तो दृश्य प्रकाश, मात्र कोणाच्या दृष्टीस पडली नाही. कारण झोत काही सेकंदांत संपे आणि त्याचा पत्ता इतका मोघम असे की दुर्बीण नेमकी कोठे रोखावी हेच उमगत नसे. 28 फेब्रुवारी 1997 रोजी बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने काही तासांत पुरेसा नेमका पत्ता कळविला, आणि स्फोटानंतर सुमारे 21 तासांनी ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्या जागेचे चित्र घेतले. 8 मार्चला त्याच जागेचे दुसरे चित्र घेतले गेले. व्हान पाराडाइस, खालामा आणि खरोट यांनी दोन्ही चित्रे ताडून पाहिली, तेव्हा बाकीचे तारे जागच्या जागी होते. पहिल्या चित्रातील सुमारे 21 व्या प्रतीचा एक ठिपका मात्र दुसऱ्यात विझला होता. ती मेणबत्ती सापडली ती स्पेनच्याच बेटावर, हे मला आजही विलक्षण वाटते.

पाठपुराव्याच्या या विद्येचा उगम धूमकेतू व नवतारे यांच्या खबरा तारेने पाठविण्याच्या जुन्या प्रथेत आहे, असे कोणी म्हणेल. खबर पोहोचविण्याची रीत तिकडून आली, हे मान्य. दुर्बीण वळविण्याची चपळाई मात्र शस्त्रागाराकडून आली. लिव्हरमोर येथे स्फोटांचा प्रकाश शोधू लागलेला स्वयंचलित कॅमेरा मुळात क्षेपणास्त्रविरोधी योजनेसाठी बांधलेला होता, आणि त्याचाच वारसा सांगणारे 'रोटसे' हे यंत्र, बाजारात मिळणारी कॅननची 200 मिलिमीटरची चार भिंगे एका चौकटीवर बसवून, लॉस अलामोस येथेच तैनात झाले. 23 जानेवारी 1999 रोजी स्फोटाचा खलिता येताच ते आपोआप वळले. स्फोटाच्या आरंभानंतर 22 सेकंदांनी त्याने पहिले चित्र घेतले, आणि पुढच्याच चित्रात तो प्रकाश नवव्या प्रतीपर्यंत चढला, म्हणजे साध्या द्विनेत्रीतूनही दिसावा इतका. हेच काम आज लडाखमधील हानले येथे मुंबईच्या आयआयटीची आणि बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची 0.7 मीटर व्यासाची दुर्बीण करीत असते. न झोपता काढलेल्या रात्रीला स्पॅनिशमध्ये 'एन वेला' असे म्हणतात.