ऑफ-रोड गाडीसाठी आफ्टरमार्केट रेडिएटर कसा निवडायचा? थार, बोलेरो कॅम्पर आणि जुन्या जीपसाठी संपूर्ण माहिती

मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा दुपारी कंधार-मुखेड भागात बालाघाटच्या चढावरून, मागे माल भरून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी काढली की टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. गॅरेजवर विचारलं तर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: "मोठा रेडिएटर टाकून घ्या."

हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी पैसे वाया घालवणारा. आणि चुकला तर नुकसान फक्त रेडिएटरच्या किमतीचं नसतं. इंजिन जास्त तापलं तर हेड गॅस्केट जातं, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट होतो. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी, असा क्रम ठेवूया.

रेडिएटर नेमकं काय करतो?

डिझेल जळून तयार होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकं फिरवायला कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली बरीचशी कूलंटमध्ये उतरते. वॉटर पंप हे गरम कूलंट रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतून फिरवतो. नळ्यांमध्ये पातळ पत्र्याच्या जाळीसारख्या घड्या असतात, त्यांना फिन म्हणतात. नळीतली उष्णता फिनमध्ये येते आणि फिनमधून जाणारी हवा ती घेऊन जाते. नळ्या आणि फिन मिळून जो भाग होतो, तो कोअर.

थोडक्यात, इथे दोन प्रवाह आहेत: आतून कूलंटचा आणि बाहेरून हवेचा. यातला एक जरी अडला तरी कितीही महागडा रेडिएटर उपयोगाचा नाही.

आपल्याकडच्या उन्हात गणित का बिघडतं?

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आहे असं धरा.

- हिवाळ्यात हवा २५ अंश: फरक ७०
- मे महिन्यात हवा ४३ अंश: फरक ५२

म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण क्षमता साधारण चौथ्या हिश्श्याने कमी. त्यात एसी चालू असेल तर समोरच्या कंडेन्सरमधून तापलेली हवाच रेडिएटरपर्यंत येते. समजा ती आणखी १० अंशांनी तापली, तर फरक उरतो ४२. हिवाळ्याच्या तुलनेत क्षमता ४० टक्क्यांनी घटली!

हायवेवर ८० च्या वेगाने जाताना समोरून भरपूर हवा मिळते. शेतरस्त्यावर, चिखलात किंवा फोर बाय फोर लो मध्ये गाडी माणसाच्या चालीने जाते, पण इंजिन मात्र जोरात फिरत असतं. तिथे हवा फक्त पंखा देतो. ऑफ-रोडसाठी रेडिएटर निवडताना हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

आधी दुखणं ओळखा

गाडी कधी तापते, यावर बरंच कळतं:

- हळू चालताना तापते, हायवेवर ठीक: हवेचा प्रश्न. पंखा, पंख्याचा क्लच, त्याभोवतीचं कवच किंवा तुंबलेले फिन तपासा.
- हळू ठीक, पण वेगात किंवा लांब चढावर तापते: कूलंट नीट फिरत नाही किंवा कोअरची क्षमता कमी पडते. नळ्या आतून तुंबल्यात का ते बघा.
- कूलंट वारंवार कमी होतं, रिझर्व्हॉयरमध्ये बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर: हेड गॅस्केटची शंका. इथे नवीन रेडिएटर घेऊन काहीच होणार नाही.

पंख्याचा व्हिस्कस क्लच असेल तर इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवून बघा. थोडा जडपणा जाणवायला हवा. इंजिन तापवून बंद केल्यावर तो आणखी जड लागायला हवा. तेव्हाही पंखा भिरभिऱ्यासारखा मोकळा फिरत राहिला, तर क्लच गेलाय. मात्र इलेक्ट्रिक पंखा असेल तर हात लावू नका, तो अचानक सुरू होऊ शकतो.

मोबाईल इथे कामाला येतो

१. टॉर्च टेस्ट: थंड गाडीत रेडिएटरच्या मागून मोबाईलचा टॉर्च धरा आणि पुढून बघा. जिथे उजेड येत नाही तिथे फिन बंद आहेत. सोयाबीनचं भुसकट, कापसाचे तंतू, उसाचं पाचट, गवताची कुसळं आणि वाळलेली काळी माती हे सगळं कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत साचतं. बाहेरून ते दिसतच नाही.

२. ओबीडी रीडर: एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत ओबीडी पोर्ट असतं, आधीच्या अनेक बीएस-४ गाड्यांतही आहे. ईएलएम ३२७ प्रकारचा ब्लूटूथ रीडर लावून 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर' अ‍ॅपमध्ये कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. बऱ्याच गाड्यांचा काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात हलतच नाही आणि हलला तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळे हा आकडा मोलाचा. एकच चढ, तेवढाच माल, तीच वेळ ठेवून दुरुस्तीच्या आधी आणि नंतर नोंद करा. आकडे बघायचं काम शेजारी बसलेल्याला द्या.

३. जुनी जीप असेल तर: ओबीडी नसतं. इन्फ्रारेड टेम्परेचर गनने कोअर ठिकठिकाणी मोजा. गरम कोअरमध्ये एखादा पट्टा बराच थंड लागला तर तिथल्या नळ्या तुंबल्यात. चकचकीत धातूवर गन चुकीचा आकडा दाखवते, म्हणून काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा. मोजताना पंखा आणि बेल्टपासून हात, कपडे दूर ठेवा.

रेडिएटर निवडताना काय बघायचं?

आकार: जाडीपेक्षा समोरचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. दुप्पट जाड कोअर दुप्पट थंड करत नाही, कारण मागच्या नळ्यांपर्यंत येणारी हवा पुढच्या नळ्यांनी आधीच तापवलेली असते. शिवाय जाड कोअरमधून हवा ओढायला पंख्याला जास्त जोर लागतो. पंखा जुनाच ठेवून तीन-चार रो चा जाड रेडिएटर लावला, तर कमी वेगात गाडी उलट जास्त तापू शकते.

किती रो? नुसता आकडा बघू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन रुंद नळ्या तांब्या-पितळेच्या तीन-चार अरुंद नळ्यांइतकं काम करू शकतात.

धातू: तांबं उष्णता अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त चांगली वाहून नेतं, हे खरं. पण तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये नळी पितळेची असते आणि जोड सोल्डरचा, त्यामुळे फायदा कमी होतो. अ‍ॅल्युमिनियम हलकं, नळ्या रुंद करता येतात.

| प्रकार | फायदा | तोटा |
|---|---|---|
| तांबं-पितळ | तालुक्याच्या गावीही सोल्डर करून मिळतो, टाकी उघडून नळ्या साफ करता येतात | जड, महाग |
| अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक टाकी | हलका, स्वस्त, बहुतेक नव्या गाड्यांत हाच | टाकीला तडा गेला तर दुरुस्ती अवघड |
| पूर्ण अ‍ॅल्युमिनियम | मजबूत, खडबडीत वापराला चांगला | गळती झाली तर टिग वेल्डिंगवाला शोधावा लागतो |

शहरापासून लांब वापर असलेल्या जुन्या जीपला तांबं-पितळ अजूनही परवडतं. नव्या थारला किंवा कॅम्परला आधी मूळ कंपनीचा, नाहीतर बॅन्को, टाटा टोयो यांच्यासारख्या नामांकित कंपनीचा योग्य पार्ट नंबरचा रेडिएटर बघा. तोही पुरत नाही असं आकड्यांवरून दिसलं तरच पूर्ण अ‍ॅल्युमिनियमकडे वळा.

फिन किती दाट? दाट फिन स्वच्छ असताना जास्त थंड करतात, पण धूळ-भुसकटाने लवकर तुंबतात. शेतात, खाणीवर, कच्च्या रस्त्यावर गाडी चालत असेल तर थोडे विरळ फिन घ्या. पाण्याने धुवायलाही सोपे.

पंख्याचं कवच: हे बरेच जण काढून टाकतात. कवच नसेल तर पंखा कोअरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच फिरवत राहतो. नवीन रेडिएटरला मूळ कवच बसतं का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पंख्यापासून अंतर: जाड कोअर पंख्याच्या जवळ येतो. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली की फिरती पाती पाण्याच्या दाबाने वाकून कोअरला लागू शकतात. २०२० च्या थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिमी दिली आहे, पण ती कंपनीच्या मूळ रचनेसाठी आहे. तुम्ही बदललेल्या रेडिएटरसाठी नाही.

झाकण: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. ०.९ बारचं झाकण दाब धरत असेल तर साधं पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर सील गेलं की ते १०० च्या आसपासच उकळतं. झाकण कंपनीने सांगितलेल्या दाबाचंच घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुने होज फुटू शकतात.

नवीन रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको

बोअरच्या जड पाण्यातले क्षार गरम नळ्यांत आतून थर धरतात. घागरीला, गिझरला जो पांढरा थर दिसतो तोच. त्यात गंजरोधक नसल्याने अ‍ॅल्युमिनियमही खराब होतं. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, साधारण निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट वापरा. फक्त रंग बघून दोन कूलंट एकत्र करू नका. रंग हे प्रमाण नाही, आणि चुकीच्या मिश्रणाचा गाळ नळ्या बंद करतो. जुनं पाणी असलेली गाडी असेल तर नवा रेडिएटर लावण्याआधी इंजिन आतून फ्लश करून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थर्मोस्टॅट काढून टाकला तर चालेल का?
नाही. इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. खराब असेल तर बदला.

रस्त्यात गाडी तापली तर?
एसी बंद करा, हीटर आणि त्याचा ब्लोअर फुल करा. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. तरी काटा उतरत नसेल तर सावलीत थांबून इंजिन बंद करा. गरम असताना झाकण अजिबात उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

वॉरंटीमधली गाडी आहे, बदलू का?
आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा. बाहेरचा रेडिएटर लावल्यावर कूलिंगशी संबंधित क्लेम अडकू शकतो.

दुकानात जाताना ही यादी मोबाईलमध्ये ठेवा

- गाडीचं मॉडेल, वर्ष, इंजिन आणि जुन्या रेडिएटरवरच्या पार्ट नंबरचा फोटो
- कोअरची लांबी, रुंदी, जाडी
- वरच्या-खालच्या होजचा व्यास आणि कोणत्या बाजूला आहेत ते
- ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर ऑइल कूलरची जोडणी
- पंखा आणि कोअरमधलं अंतर, कवचाचे नट-बोल्ट
- झाकणावरचा दाबाचा आकडा
- बिल आणि लेखी वॉरंटी

यादीच्या आधी मात्र एक काम घरीच करा: फिन मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन आडवे होतात. मग झाकण बदला, पंखा तपासा आणि त्याच चढावर पुन्हा आकडा बघा. काटा खाली आला, तर नवीन रेडिएटरचे पैसे वाचले. नाही आला, तर निदान कोणता रेडिएटर मागायचा हे तुम्हाला माहीत असेल.