तख्त एक, वारस अनेक

जंजिऱ्याचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच दोन बाजू पडतात. सिद्दी म्हणजे मुसलमान, आंग्रे म्हणजे हिंदू, आणि त्यांची लढाई म्हणजे धर्माची लढाई, असा सरळ हिशेब मांडला जातो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मीरा रोड-भाईंदरची आमची मुलेही हाच हिशेब घेऊन वर्गात येतात. कुणी अभिमानाने, कुणी संकोचाने. १७३३ सालची तवारीख मात्र या हिशेबात बसत नाही.

त्या वर्षी जंजिऱ्याचा सिद्दी रसूल याकूत खान वारला. मागे अनेक मुलगे होते. थोरला अब्दुल्ला गादीचा हक्कदार. पण त्याच्या भावांनी व दरबारातील कटवाल्यांनी त्याचाच काटा काढला. अब्दुल्लाचा मुलगा अब्दुल रहमान याने आपला हक्क मागितला, तो कुणाच्या बळावर? बाजीराव पेशव्यांच्या! सिद्द्यांच्या घरातील या फुटीने शाहू छत्रपतींच्या फौजेला कोकणचा दरवाजा उघडून दिला. सिद्द्यांकडे असलेला रायगड जूनमध्ये मराठ्यांच्या हाती आला.

जंजिरा मात्र पडला नाही. भर समुद्रातला किल्ला घ्यायचा तर आरमार हवे, आणि आरमार आंग्र्यांचे. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले होते. त्यांचे थोरले चिरंजीव सेखोजी सरखेल ऐन मोहिमेत, ऑगस्ट १७३३ मध्ये वारले. लगेच संभाजी आणि मानाजी या भावांमध्ये सरखेलीवरून तंटा पेटला. मानाजीने पोर्तुगिजांची मदत घेऊन कुलाबा किल्ला घेतला आणि तिथे असलेल्या येसाजी या भावाचे डोळे काढवले. म्हणजे सिद्दी भावांच्या भांडणाने मराठ्यांना वाट दिली आणि आंग्रे भावांच्या भांडणाने ती वाट बंद केली. यात धर्म कुठे आला?

१७३५ साली बाजीरावांनी आंग्र्यांच्या दौलतीचे दोन वाटे केले. संभाजी सरखेल विजयदुर्गास, मानाजी वजारतमाब कुलाब्यास. पुढच्या वर्षी, एप्रिल १७३६ मध्ये, रेवसजवळच्या लढाईत चिमाजी आप्पांनी सिद्दी साताला ठार केले. मग तह झाला. अब्दुल रहमानला नवाब म्हणून मान्यता मिळाली आणि अकरा महालांचे उत्पन्न मराठे व सिद्दी यांच्यात निम्मे-निम्मे वाटले गेले. नातवाला गादी मिळाली, पण आजोबांची दौलत अर्धी झाली.

आंग्र्यांचे तर याहून वाईट झाले. १७४० साली संभाजीने मानाजीच्या कुलाब्याला वेढा घातला, तेव्हा मानाजीच्या मदतीला पेशव्यांची फौज आली आणि मुंबईच्या इंग्रजांची जहाजेही आली. संभाजीनंतर तुळाजी विजयदुर्गाचा धनी झाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्राकडून इंग्रज आणि जमिनीवरून पेशवे, अशी दोघांनी मिळून त्याच्यावर चाल केली. विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी कैदेत वारला. ज्या आरमाराची कान्होजींच्या हयातीत इंग्रजांना धास्ती होती, त्याची शेवटी राख झाली.

मिळकतीचे हिस्से शरीअतमध्ये ठरलेले आहेत. वतनाच्या वाटण्या हिंदू घरांतही होतच होत्या. पण तख्ताचा हिस्सा कसा करणार? तिथे नियम पक्का नसला की फैसला तिसऱ्याच्या हाती जातो, आणि तिसरा कधी फुकट न्याय करीत नाही.

हे केवळ कोकणात घडले असेही नाही. मलायातील जोहोरचा सुलतान महमूद १८१२ साली वारला. मागे हुसेन आणि अब्दुल रहमान हे दोन भाऊ. बुगी सरदारांनी धाकट्या अब्दुल रहमानला गादीवर बसवले. कंपनी सरकारच्या रॅफल्स साहेबाला सिंगापुरात वखार हवी होती, म्हणून ६ फेब्रुवारी १८१९ रोजी त्याने थोरल्या हुसेनला सुलतान म्हणून जाहीर केले. हुसेनला सालीना तनखा मिळाला, इंग्रजांना सिंगापूर मिळाले. १८२४ साली इंग्रज आणि डच यांनी आपसात तह करून ती सल्तनतच दोन तुकड्यांत वाटून घेतली. दोन्ही भाऊ मुसलमान, दोन्ही एका बापाचे!

ज्या जमिनीवर आज आमच्या इमारती उभ्या आहेत, तिचीही हीच कथा आहे. मीरा-भाईंदर हा जुन्या साष्टीचा भाग. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडून घेतली. भाईंदरजवळच्या धारावीच्या डोंगरावरही लढाई झाली. आणि ती गेली कशी? पेशव्यांच्या गादीसाठी पुतण्याच्या घराशी भांडणाऱ्या राघोबादादांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात साष्टी व वसई इंग्रजांना लिहून दिली. साष्टीचा ताबा तर इंग्रजांनी आधीच घेतला होता. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही ती त्यांच्याकडेच राहिली.

आमच्या मुलांनी जंजिरा जरूर पाहावा, कुलाबाही पाहावा. मात्र कोण कुणाचा शत्रू, हे ठरवण्याआधी कोण कुणाचा भाऊ होता, हे विचारावे. आणि त्या दोघांच्या भांडणात मोबदला कुणी घेतला, हेही विचारावे.