जखमेचें मोल : सभासदापासून गोदीपर्यंत

राजापेठेंत बसून मुंबईच्या गोदीचा इतिहास लिहावयाचा म्हणजे कोणासहि विपरीत वाटेल. परंतु वऱ्हाडचा कापूस बडनेऱ्यावरून रेल्वेनें मुंबईस जाई. त्याच्या गांठी बोटींवर चढविणारे हात आमच्या इतिहासाबाहेरचे नव्हत. त्या हातांस दुखापत झाली तर पैसा कोणाकडून मिळे, आणि मिळालेला टिके कसा, एवढाच प्रश्न आम्हीं येथें घेतला आहे.

जखमेचें मोल ठरविण्याचा प्रघात आमच्याकडे नवा नाहीं. प्रतापगडच्या प्रसंगानंतर (१६५९) शिवछत्रपतींनीं जखमींस जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत दिले व निपुत्रिक मृतांच्या स्त्रियांस निमें वेतन चालविलें, असें सभासद सांगतो. तथापि तें धन्याचें औदार्य होतें. न मिळाल्यास फिर्याद कोठें करावी? १८५५ च्या कायद्यानें अपघातांत मेलेल्याच्या वारसांस दाव्याचा मार्ग दिला खरा, पण प्रतिपक्षाचा दोष शाबीत करण्याचें ओझें त्यांच्यावरच राहिलें. हमालाच्या विधवेनें तें कसें उचलावें?

१९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला आणि ही अट गेली. मृत्यूबद्दल ३० महिन्यांचें वेतन, कायमच्या पूर्ण अपंगतेबद्दल ४२ महिन्यांचें. मर्यादा अनुक्रमें २,५०० व ३,५०० रुपये. उजवा हात कोपरापासून गेल्यास अपंगता शेंकडा ७० धरीत, डावा गेल्यास ६०. एक डोळा ३०, आंगठा २५. हें कोष्टक वाचतांना सभासदाचे होन आठवल्यावांचून राहत नाहींत.

आमच्या मतें मात्र या कायद्याचा गाभा कोष्टकांत नसून रक्षणाच्या कलमांत होता. मृत्यूची रक्कम मालकानें परस्पर न वांटतां कमिशनरकडे भरावयाची (कलम ८). ती गहाण पडत नसे, जप्तहि होत नसे (कलम ९). सावकारी पाहिलेल्या वऱ्हाडी वाचकास याचें महत्त्व सांगावयास नको. हक्क सोडून देणारा करार कलम १७ नें रद्द ठरे. गोदींत तर कलम १२ च मोलाचें, कारण तेथें मजूर तोलीवाल्याच्या हाताखालीं राबे आणि वरचा धंदेवाला 'हा माझा नोकर नव्हे' म्हणावयास मोकळा असे. या कलमानें काम कंत्राटानें दिलें तरी जबाबदारी मुख्य धन्यावर आली. उणीव होतीच. पहिल्या दहा दिवसांची भरपाई नसे. १९३३ च्या दुरुस्तीनें ते सात झाले. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा तर १९४८ सालीं झाला.

संग्राहकांस एक विनंती. कलम २८ प्रमाणें मालक-मजुरांचे तडजोडीचे करार कमिशनरकडे नोंदवावे लागत, आणि रक्कम अपुरी अथवा कपटानें ठरलेली दिसल्यास तो नोंद नाकारूं शके. सनदा व महजर आम्हीं जपतों. परंतु अशा करारांच्या नकला व जिनांच्या हजेरीवह्या जुन्या पेढ्यांच्या दप्तरांत असतील, तर त्याहि रद्दींत जाऊं देऊं नयेत. मजुराचें नांव, वेतन, जखम आणि हातीं पडलेली रक्कम हीं चारहि एका कागदावर सांपडण्याचा संभव तेथेंच अधिक आहे.