फुलीच्या खाचेतला इतिहास

वडिलांच्या मोटरसायकलच्या इंजिनावरचे झाकण मी पहिल्यांदा उघडायला घेतले, तेव्हा शाळेत होतो. गाडी जपानी सहकार्याने बनलेली. इंजिनाचे बरेच भाग थेट जपानहून आलेले. झाकणाला फुलीच्या खाचेचे स्क्रू होते आणि घरात फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर होता. यापेक्षा जास्त काही लागत असेल, हे मनातही आले नाही. तिसऱ्या जोराला टोक खाचेतून उसळून बाहेर आले आणि फुलीच्या जागी एक गुळगुळीत खड्डा उरला. गाडी ढकलत गॅरेजवर नेली. तिथल्या काकांनी छिन्नी-हातोडीने तो स्क्रू फिरवून काढला, शेजारचा दुसरा स्क्रू दाखवला आणि म्हणाले, "जोर कमी नव्हता रे तुझा, टोक चुकीचं होतं. हा डोक्यावरचा ठिपका दिसतो का? याची फुली वेगळी."

फुलीफुलीत फरक असतो, हे तेव्हा कळले. तो का असतो, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. आज दुकानात गेलो तर बत्तीस, चाळीस, शंभर बिटांचे संच प्लास्टिकच्या डबीत झळकत असतात. चांगले, टिकाऊ बिट कोणते, असे विचारले की दुकानदार म्हणतो, "कडक पोलादाचं घ्या." हे उत्तर अपुरे आहे. बिट टिकते की नाही, याचा निम्मा निर्णय पोलादात होतो आणि निम्मा खाचेत. खाचेचा निर्णय तर आपल्या जन्माआधीच, दूरच्या कारखान्यांत होऊन गेलेला असतो.

युरोपात स्क्रूचा वापर पंधराव्या शतकात चिलखते आणि बंदुका यांच्यापासून वाढत गेला. जर्मनीतील वोल्फेग किल्ल्यात जतन झालेल्या, साधारण १४८० च्या सुमाराच्या हस्तलिखितात मळसूत्र कापण्याच्या लेथचे चित्र आहे. तरीही पुढची तीन शतके बहुतेक स्क्रू हाताने, कानशीने घडत राहिले. १७६० मध्ये इंग्लंडमधील वायट बंधूंनी लाकडी कामाचे स्क्रू यंत्राने बनवण्याचे पेटंट घेतले. १८०० च्या सुमारास हेन्री मॉड्स्लीच्या लेथने आटे अचूक केले आणि १८४१ मध्ये त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने साऱ्या देशासाठी आट्यांचे एकच माप सुचवले. १८५४ मध्ये अठरा वर्षांचा जोसेफ चेंबरलेन बर्मिंगहॅमला गेला, तो टोकदार स्क्रू बनवणाऱ्या अमेरिकन यंत्रांच्या बळावर उभ्या राहणाऱ्या नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांच्या धंद्यात. पुढे तो ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री झाला. नेटलफोल्ड हे नाव गेस्ट कीन विल्यम्समार्फत आपल्याकडच्या सुतारांच्या पेटीतही पोहोचले.

या साऱ्या काळात बुद्धी खर्च झाली ती आट्यांवर. डोक्यावरची खाच मात्र होती तशीच राहिली: एक सरळ रेघ, करवतीच्या एका फेरीत पडणारी. आपण तिला 'मायनस' म्हणतो. तिचा दोष उघड आहे. टोकाला मध्य सापडत नाही, ते बाजूला घसरते आणि लाकडावर ओरखडा किंवा हातावर जखम करते. तिचा एक गुण मात्र पुढच्या कोणत्याही खाचेला मिळाला नाही. मायनसचे टोक झिजले तर कुणीही कानस घेऊन ते पुन्हा सरळ करू शकतो. हत्यार वापरणाऱ्याच्या हातात त्याची दुरुस्तीही होती.

हाताला झालेल्या जखमेतूनच पुढचा टप्पा आला, असे सांगतात. पीटर रॉबर्टसन हा कॅनडातील अवजारांचा फिरता विक्रेता. १९०६ मध्ये माँट्रियालच्या रस्त्यावर प्रात्यक्षिक दाखवताना मायनसचे टोक घसरले आणि त्याचा हात कापला. त्याने चौकोनी खाच शोधली आणि १९०९ मध्ये तिचे पेटंट मिळवले. थंड धातूवर ठोकून पाडलेली, आत किंचित निमुळती होत जाणारी ही खाच टोकाला घट्ट धरते. स्क्रू टोकावर बसवून एका हाताने काम करता येते. फोर्डच्या कॅनडातील कारखान्याला ती पसंत पडली. पण फोर्डला परवान्यासोबत उत्पादनावर ताबाही हवा होता आणि रॉबर्टसनने तो नाकारला. खाच कॅनडात राहिली. आजही तिथे तिचे राज्य आहे. जगभर मात्र ती पोहोचली नाही.

पोहोचली ती फुली. ऑरेगनमधील पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सने जॉन थॉम्प्सन नावाच्या संशोधकाकडून मूळ कल्पनेचे हक्क घेतले, ती सुधारली आणि १९३६ मध्ये पेटंटे मिळवली. अमेरिकन स्क्रू कंपनीने ती बनवण्याची जबाबदारी घेतली आणि जनरल मोटर्सने ती कॅडिलॅक गाड्यांत वापरली. १९४० पर्यंत अमेरिकेतील बहुतेक स्क्रू-उत्पादकांनी तिचा परवाना घेतला होता. फिलिप्सने रॉबर्टसनच्या उलट केले: खाच सर्वांना विकली. निमुळत्या फुलीत यंत्राचे टोक आपोआप मध्यावर येते. जुळणीच्या पट्ट्यापुढे उभ्या असलेल्या कामगारासाठी, जिथे सेकंदांचा हिशेब होतो, तिथे हे वरदान होते.

पण निमुळत्या भिंतींची एक किंमत असते. टोक फिरवले की त्या उतारावर बळाचा काही भाग टोकाला वर ढकलतो. जोर वाढला की टोक उसळते. स्क्रू जास्त आवळला जाऊ नये म्हणून फिलिप्सने हे मुद्दाम केले, अशी आख्यायिका मिस्त्रीमंडळींत प्रसिद्ध आहे. १९३२ च्या मूळ अर्जात मात्र टोक निसटू नये, हाच हेतू नोंदवलेला आहे. दोष अनवधानाने आला आणि कारखान्याला तो फारसा खुपला नाही. तिथे स्क्रू फक्त आत जातो. तो बाहेर काढण्याची वेळ येते ती दहा वर्षांनंतर, गंज चढल्यावर, आणि ती येते दुरुस्ती करणाऱ्यावर.

या दोषावरचे उतारे म्हणजे आजच्या बिटांच्या डबीतली गर्दी. १९६० च्या दशकात आलेल्या पॉझिड्राइव्हने भिंती जवळजवळ सरळ केल्या आणि फुलीच्या मधोमध चार छोट्या कडा वाढवल्या. अशा स्क्रूच्या डोक्यावर फुलीखेरीज चार बारीक तिरक्या रेघा असतात. मॉड्युलर किचनच्या युरोपीय बनावटीच्या बिजागऱ्यांत त्या हमखास दिसतात. जपानने आपल्या मानकात फुलीचा आकार किंचित वेगळा ठेवला. काकांनी दाखवलेला ठिपका ही त्याची खूण. १९६७ मध्ये अमेरिकेतील कॅमकार कंपनीने टॉर्क्स आणले: सहा पाकळ्या, उभ्या भिंती, म्हणून टोकाला वर ढकलणारे बळ जवळजवळ नाहीच.

म्हणून बिट निवडताना पहिली गोष्ट पोलाद नव्हे, अक्षरे. चांगल्या बिटावर पीएच, पीझेड किंवा टी आणि त्यापुढे आकड्याची खूण कोरलेली असते. खूणच नसेल तर ते बिट कोणत्या खाचेसाठी केले आहे, हे बनवणाऱ्यानेही ठरवलेले नाही असे समजावे. दुसरी परीक्षा दुकानातच करावी. खिशात एक नवा स्क्रू न्यावा, बिटावर बसवावा आणि हलवून पाहावा. डुगडुगला तर ते बिट नको. तिसरी गोष्ट पोलादाची आणि त्याला दिलेल्या पाण्याची. स्वस्त संचांतले मऊ पोलाद गोल होते. नुसतेच कडक केलेले काचेसारखे तुटते. एस-टू नावाचे पोलाद मुळात हादरे सोसणाऱ्या हत्यारांसाठी असते. त्याला नीट पाणी देऊन पुन्हा बेताने तापवले की कडकपणा आणि चिवटपणा यांचा मेळ बसतो. चांगल्या बिटांचा कडकपणा रॉकवेल मापावर साधारण ५८ ते ६२ ठेवतात. इम्पॅक्ट ड्रायव्हरसाठीच्या बिटांना मध्ये बारीक मान असते. यंत्राच्या ठोक्याला ती किंचित पिळवटते आणि टोक वाचते. सोनेरी किंवा काळा मुलामा यातले काहीच सांगत नाही.

चौथी गोष्ट घरी आल्यावरची. फुलीच्या कडा गोल होऊन चकाकू लागल्या की बिट टाकून द्यावे. मायनससारखी ती कानशीने सुधारत नाही. जीव अडकतो, पण झिजलेले बिट एकेक करत नव्या स्क्रूंची डोकी खात जाते. शंभराच्या डबीतली नव्वद बिटे कधीच वापरली जात नाहीत आणि पीएच-टू दोन महिन्यांत संपते. त्यापेक्षा आपल्या घरात ज्या खाचा आहेत, त्यांची पाच-सहा उत्तम बिटे घेणे स्वस्त पडते.

खाचांची ही कहाणी अजून संपलेली नाही. २००९ पासून ॲपलने आपल्या काही यंत्रांत पाच पाकळ्यांचा स्क्रू वापरायला सुरुवात केली. तेव्हा त्याचे टोक सामान्य दुकानात मिळत नव्हते. आता सहज मिळते, कारण दुरुस्ती करणाऱ्यांनी त्याची मागणी केली. २०२२ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. वस्तू विकत घेणाऱ्याला ती उघडता यावी की नाही, हा प्रश्न आता कायद्याच्या भाषेत विचारला जात आहे. त्याचे सर्वांत साधे रूप मात्र स्क्रूच्या डोक्यावर, बोटाच्या नखाएवढ्या जागेत, आधीपासून कोरलेले आहे.

वडिलांची गाडी आता नाही. तो स्क्रू काकांनी मला दिला होता; फुली गेलेला, कडेला छिन्नीची खूण असलेला. तो माझ्या बिटांच्या डबीत एका कप्प्यात आहे. नवे बिट हातात घेतले की आधी त्याच्याकडे नजर जाते, मग पुढच्या स्क्रूच्या डोक्यावर ठिपका आहे का, ते पाहतो.