गिरणगावातील गावकीच्या खोल्या
कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी, म्हणजे मुंबईतील पहिली गिरणी, १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली आणि पुढे परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरणगाव वसले. त्या गिरणगावाच्या इतिहासात मजुरी, कामाचे तास आणि संप यांच्या नोंदी विपुल आहेत. कामगार परस्परांच्या सहवासात वेळ कसा घालवीत, हे मात्र बहुधा तक्रारीच्या रूपानेच कळते. मजूर यंत्र सोडून आवारात रेंगाळतो, विडी ओढतो, गप्पा मारतो, अशी गाऱ्हाणी १९०८ च्या कारखाना मजूर आयोगाच्या कागदपत्रांत नोंदलेली आहेत. विजेच्या दिव्यांमुळे काही गिरण्यांतील कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या रेंगाळण्याला आळस ठरवणे कठीण जाते. कायद्याने न दिलेली विसावा-घटका कामगार आपल्या हाताने घेत होते, इतकेच. आठवड्याची सुट्टी तरी त्यांना सहज कुठे मिळाली होती? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये ती मागणी मांडली आणि रविवार पदरात पडण्यास १८९० साल उजाडावे लागले.

या मोकळ्या वेळेचे खरे ठिकाण म्हणजे गावकीची खोली. कोकणातून आणि घाटावरून आलेले बहुतेक पुरुष कुटुंब गावी ठेवून येत, आणि एका गावचे लोक वर्गणी काढून चाळीत एक खोली भाड्याने घेत. तिलाच गावकीची खोली म्हणत. तिच्यात वीस-तीस जण राहत आणि पाळीप्रमाणे, म्हणजे कामाच्या नेमून दिलेल्या वेळेप्रमाणे, आळीपाळीने झोपत. गावाकडची पत्रे येथेच वाचली जात, भजनाची बैठक येथेच बसे आणि नव्याने आलेल्या तरुणाला पहिला आसराही येथेच मिळे. कामगार भरती करणारा मुकादम, ज्याला जॉबर म्हणत, तोही पुष्कळदा याच ओळखीपाळखीतून माणसे निवडीत असल्यामुळे गप्पांची बैठक आणि रोजगार यांना वेगळे काढणे अवघड आहे; मालकांना वाया जाणारा वाटलेला वेळ गिरणीच्या मनुष्यबळाचीच तजवीज करीत होता.

जेवणाची व्यवस्था खानावळवाल्या बायकांकडे असे. महिन्याच्या हिशेबावर दोन वेळचे जेवण देणाऱ्या या बायका पगार होईपर्यंत थांबत आणि संपकाळात उधारीवरही जेवू घालीत. १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगार जवळपास सहा महिने कामाबाहेर राहिले, त्याचे श्रेय युनियनच्या पुढाऱ्यांना दिले जाते आणि ते रास्तही आहे; परंतु खानावळीची आणि दुकानाची उधारी, गावाकडचा आधार व खोलीतील सोबत यांच्याविना तो संप इतका टिकणे शक्य दिसत नाही.

तथापि या सोबतीला जातीची वेस होती. खोल्या गावाच्या असल्या तरी त्या बहुधा एकाच जातीच्या असत, आणि गिरणीत सूत तोंडाने ओढून धोट्यात ओवावे लागत असल्याने विटाळाच्या कल्पनेपायी अस्पृश्य कामगारांना अधिक पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. पाण्याची मडकीही वेगळी ठेवली जात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी नेमका हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला, आणि विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी, असा आग्रह धरला.