गिरणी कामगारांच्या मागण्या आणि श्रममूल्यांचा वर्गीय आशय : मुंबई, १८८४ ते १९८२

गिरणी कामगाराला कामात मजुरीपलीकडे कशाचीही आस्था नसते, हा समज पांढरपेशा वर्गात दीर्घकाळ रूढ होता. कामगारांच्या पहिल्या मागण्या पाहिल्यास हा समज टिकत नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळ येथे कामगारांची सभा भरली. सुमारे ५,५०० कामगारांच्या वतीने तयार झालेल्या निवेदनात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ, मागील महिन्याचा पगार १५ तारखेपर्यंत आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन, या प्रमुख मागण्या होत्या. त्यांत वेतनवाढ नाही.

पगाराच्या तारखेची मागणी किरकोळ वाटते ती ठरल्या दिवशी वेतन घेणाऱ्याला. पगार लांबला की वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज वाढे. कारकुनाला नेमणुकीबरोबरच जी निश्चिती मिळे, ती गिरणी कामगाराला मागून घ्यावी लागली. कारकून पदाच्या प्रतिष्ठेचा विचार करू शकत होता, तो या निश्चितीच्या बळावर. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी मान्य केली ती १० जून १८९० रोजी.

परंतु कामगारवर्ग एकजिनसी नव्हता, हेही नोंदविले पाहिजे. विणकाम विभागात, म्हणजे साचेखात्यात, मजुरी अधिक होती. तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. या कारणास्तव अस्पृश्य कामगारांना साचेखात्याची दारे बंद राहिली. ज्यांना हे काम नाकारले गेले, त्यांच्या दृष्टीने साचा चालविणे हा मजुरीइतकाच मानाचा प्रश्न होता. १९२८ च्या संपकाळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तो उपस्थित केला. संपाच्या नेत्यांना तो अडचणीचा वाटला, यात वर्गाच्या भाषेची मर्यादा दिसते.

निश्चितीची ओढ पुढेही टिकली. बदली कामगार रोज फाटकाशी हजर राही आणि कोणी गैरहजर असल्यासच आत जाई. काहींची अनेक वर्षे अशी गेली. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा वेतनवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही पुढे होती. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही.