दुधाविना मिल्क

लंडनमध्ये परवा एक 'डेझर्ट' स्टाउट चाखली. चॉकलेट केक पातळ करून ग्लासात ओतलाय जणू! काळीकुट्ट, दाट, गोड. सध्या अशा बिअरची फॅशन आहे, पण हा गोडवा तसा जुनाच.

कॉफी-चॉकलेटची चव येते ती काळा होईस्तोवर भाजलेल्या माल्टमुळे. डॅनियल व्हीलरने १८१७ मध्ये तो भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. गोडवा मात्र दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा. बिअरचं यीस्ट ती खाऊ शकत नाही, म्हणून ती तशीच उरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटमधल्या हाइथ गावच्या मॅकेसनने अशी 'मिल्क स्टाउट' बाजारात आणली. पौष्टिक म्हणून ती खपायची; आजाऱ्यांना, अगदी बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांनासुद्धा! शेवटी १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये लेबलवरचा 'मिल्क' हा शब्द काढावा लागला. दूध नव्हतंच ना त्यात!

मला विचाराल तर आजचं 'डेझर्ट' हे नाव जास्त प्रामाणिक आहे. जिभेचे लाड म्हणून पिणारा निदान कुठे थांबायचं ते स्वतःला विचारू शकतो. औषध म्हणून हातात दिलेल्या ग्लासाला त्या आया नाही तरी कशा म्हणणार होत्या?